गुडघे, ऊन आणि नातवाचे निमंत्रण

चैत्र लागला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळी लागणे, घोळणा फुटणे, कूलरच्या वाऱ्याने आखडलेली मान, रात्रभर न लागणारी झोप, अशा तक्रारी घाटावरून आणि घाटाखालून सारख्याच येतात. या वेळच्या टपालात एक पत्र निराळे होते. चिखली तालुक्यातील एका आजींनी ते वहीच्या पानावर लिहिले आहे. वय 71. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यातला उजवा अधिक. नातू पुण्याला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत त्याने घरच्यांना बसवून सांगितले की, मी समलिंगी आहे, मुलीशी लग्न करणार नाही. जूनमध्ये पुण्यात निघणाऱ्या पदयात्रेत तो चालणार आहे आणि त्याने आजींना विचारले आहे, ‘तू येशील का माझ्यासोबत?’

पत्राच्या शेवटी आजींनी मला एवढेच विचारले आहे : ‘माझ्या गुडघ्यांना हे चालणे झेपेल का?’

सुजाण वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या जिल्ह्यातील हजारो मुले-मुली पुण्या-मुंबईला शिकतात, नोकरी करतात. त्यांपैकी काहींनी घरी असेच काही सांगितले असेल आणि काही जण सांगण्याच्या उंबरठ्यावर असतील. म्हणून आजींच्या पत्राचे उत्तर आजच्या स्तंभात सर्वांसाठी देत आहे. आधी गुडघ्यांचे आणि मग उरलेल्या गोष्टींचे.

ही यात्रा कसली?

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती आपण जसे आहोत तसे समाजासमोर यावे, यासाठी वर्षातून एकदा एकत्र चालतात. इंग्रजीत तिला ‘प्राइड’ म्हणतात. आपण स्वाभिमान यात्रा म्हणू. 28 जून 1969 रोजी न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला आणि तेथील लोकांनी प्रतिकार केला. त्याच्या वर्षपूर्तीला 1970 मध्ये पहिली पदयात्रा निघाली. तेव्हापासून जून महिना जगभर या यात्रांचा झाला. भारतातील पहिली यात्रा 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात निघाली, तेव्हा जेमतेम 15 माणसे चालली होती. मुंबईत 2008 पासून ही परंपरा आहे. विदर्भात नागपूरनेही 2016 पासून ती सुरू केली. पुण्यातील पहिली यात्रा बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने 11 डिसेंबर 2011 रोजी काढली. पुढे ती उन्हाळ्याच्या अखेरीस, जूनच्या आरंभी निघू लागली.

या यात्रांत वडीलधारी माणसे चालणे नवीन नाही. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या यात्रेत जीन मॅनफर्ड नावाच्या एक शाळाशिक्षिका आपल्या मुलासोबत हातात फलक धरून चालल्या. मुलांच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन त्या फलकावर इतर पालकांना केलेले होते. त्यांना पाहून अनेक तरुणांनी विनवले की, आमच्याही आईवडिलांशी बोला. पुढच्याच वर्षी त्यांनी पालकांची एक सभा भरवली आणि त्यातून पालकांची मोठी संघटना उभी राहिली. आपल्याकडेही ‘स्वीकार’ हा भारतीय पालकांचा आधारगट 2017 पासून काम करतो. तेव्हा नातवाने आजीला बोलावले, यात वावगे काही नाही. वावगे होईल ते तयारीविना जाणे.

आधी डॉक्टर, मग होकार

आपल्या भागाला पायी चालण्याची तयारी शिकवावी लागत नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरीकडे निघते, तेव्हा वारकरी पायताण, औषध, पाणी, मुक्काम या साऱ्यांचा विचार कितीतरी आधी करून ठेवतात. सत्तरी ओलांडलेली माणसे महिनाभर चालतात, ती या पूर्वतयारीच्या बळावर. पुण्याची यात्रा दोन-तीन तासांची आहे, पण नियम तेच.

पहिला नियम असा की, होकार देण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, चार पावले टाकताच धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, मूत्रपिंडाचा विकार बळावला असेल, वारंवार तोल जात असेल, तर गर्दीत चालण्याचा हट्ट धरू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला तर गर्दीत मुळीच नेऊ नये. अनोळखी रस्ता, मोठा आवाज आणि हरवण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी तिला भयभीत करतात.

डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘यातली कोणती गोळी उन्हात त्रास देईल?’ लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्यांमुळे उष्णतेशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणून गोळी आपण होऊन बंद करायची नाही, केवळ वेळ वा मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुखणे थोपवण्यासाठी दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी त्या दिवशी अजिबात नको. उन्हाने पाणी घटलेले असताना अशा गोळ्या, विशेषतः रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर, मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

आठ आठवड्यांचा अभ्यास

आजी, आता आपल्या गुडघ्यांकडे येतो. झिजलेला गुडघा चालण्याने बिघडतो, ही समजूत खरी नाही. एकाएकी फार चालल्याने तो सुजतो. रोज बेताने चालल्यास भोवतालचे स्नायू बळकट होतात आणि सांध्यावरचा भार हलका होतो.

पहिले दोन आठवडे सकाळी ऊन चढण्यापूर्वी 10 मिनिटे आणि सायंकाळी 10 मिनिटे, सपाट वाटेवर चालावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येक वेळी 15 मिनिटे करावीत. पुढे 20 आणि सातव्या आठवड्यापर्यंत सलग 30 मिनिटे. चालताना शेजारणीशी बोलता यावे, इतपतच वेग असावा. चालून आल्यावर दुखणे दोन तासांहून अधिक टिकले किंवा सांधा सुजला, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करावी.

जोडीला खुर्चीवरचा एक व्यायाम आहे. खुर्चीत ताठ बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करून समोर उचलावा, मनात दहापर्यंत अंक मोजावेत आणि पाय हळूच खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.

काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आजींचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, एवढीच तिची उंची. खालचे रबर झिजले असेल तर ते आजच बदलावे. पादत्राणेही आताच घ्यावीत आणि महिनाभर वापरून पायाला सवयीची करावीत. नवी चप्पल यात्रेच्या दिवशी प्रथम घालणे म्हणजे फोड ओढवून घेणे. मधुमेही वाचकांनी तर मऊ तळव्याचे, बंद बुटच वापरावेत आणि रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या तपासाव्यात.

तिकीट, मुक्काम, पिशवी

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. म्हणजे जूनच्या आरंभीच्या प्रवासाचा विचार एप्रिलमध्येच करावा लागतो. यात्रेची तारीख आयोजक जाहीर करतात. ती नातवंडांकडून खात्री करून घ्यावी आणि मगच तिकीट काढावे. घाटाखालच्या वाचकांना शेगाव, नांदुरा किंवा मलकापूर ही स्थानके सोयीची आहेत. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस याच मार्गाने रात्रीच्या प्रवासाने पुण्याला पोहोचवते. ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. मात्र 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील महिला यांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे. आरक्षण करताना वय अचूक भरावे.

बुलढाणा, चिखली, मेहकर या घाटावरच्या गावांना एसटी जवळची. राज्य शासनाच्या योजनेनुसार ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, तर 65 ते 75 या वयात अर्धे भाडे पडते. मार्च 2023 पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्धेच भाडे आहे. आधारकार्ड सोबत हवे. परंतु रात्रभर बसून केलेल्या प्रवासाने पाय सुजतात आणि क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हणून बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावे आणि गाडी थांबेल तेथे उतरून चार पावले टाकावीत.

यात्रेच्या दोन दिवस आधी पुण्यात पोहोचावे. प्रवासाचा शीण उतरू द्यावा. आदल्या दिवशी पुणे-दर्शनाचा घाट घालू नये.

हातातल्या छोट्या पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात. परतीच्या तारखेपेक्षा दोन दिवस अधिक पुरतील एवढ्या गोळ्या, मूळ वेष्टनासह. डॉक्टरांची चिठ्ठी. चष्म्याची जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटरी. ओआरएसची पाकिटे, सुती पंचा, टोपी किंवा पदराखाली बांधायचा रुमाल, हलकी छत्री. कारण पुण्यात त्या सुमारास दुपारनंतर वळवाची सर येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड पिशवीत ठेवावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते कधीही ठेवू नये आणि बर्फाला थेट चिकटवूही नये. पोलक्याच्या खिशात वा पाकिटात एक चिठ्ठी असावी : नाव, वय, आजार, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी आहे आणि सोबतच्या दोघांचे फोन क्रमांक.

यात्रेचा दिवस

खामगाव-मलकापूरचा 44 अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्यांना पुण्याचा जून सौम्य वाटेल. पारा साधारण 35 अंशांच्या आसपास असतो. याच समजुतीत धोका आहे. आपण गावी बारा वाजता घराबाहेर पडत नाही. यात्रेत मात्र तापलेल्या डांबरावर, माणसांच्या दाटीत, वारा न लागता उभे राहावे लागते. शिवाय वय वाढले की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो. शरीर तापत असते आणि आपल्याला ते कळत नाही.

पुण्याची यात्रा जंगली महाराज रस्त्यावरील छत्रपती संभाजी महाराज उद्यानाच्या परिसरातून निघत आली आहे. मार्ग बदलू शकतो, म्हणून त्या वर्षीचा मार्ग आधी विचारून घ्यावा. या उद्यानाजवळ त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे आणि पुणे रेल्वे स्थानकाहून तीच मेट्रो थेट तेथे येते. स्थानकात उद्वाहक असल्याने जिने चढावे लागत नाहीत. रस्त्यावरच्या कोंडीत रिक्षात अडकून बसण्यापेक्षा ज्येष्ठांना हेच बरे.

संपूर्ण मार्ग चाललाच पाहिजे, असा कोणाचाही दंडक नाही. हे वाक्य, आजी, कृपया दोनदा वाचा. आरंभी पंधरा मिनिटे नातवाचा हात धरून चालावे आणि मग सावलीत बसावे. किंवा उद्यानात झाडाखाली बसून राहावे आणि यात्रा परत आली की त्याला भेटावे. बारा ते तीन या वेळेत तर छायेतच असावे. एक तरुण नातेवाईक वा नातवाचा मित्र पूर्ण वेळ आपल्याजवळ राहील, हे आधी ठरलेले असावे. फोन लागला नाही तर कोठे भेटायचे, तेही ठरवून ठेवावे.

घरून निघण्यापूर्वी नेहमीची न्याहारी करावी आणि गोळ्या घ्याव्यात. पाणी तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी हे पेय घ्यावे का, हे आधी विचारावे. साधे पाणी आणि अळणी ताक त्यांना पुरते.

लघवीला जावे लागेल या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे घातक आहे. त्यापेक्षा स्वच्छतागृह कोठे आहे हे पोहोचताच पाहून ठेवावे. लघवीवर ताबा राहत नसेल तर मोठ्यांसाठीचे डायपर वापरण्यात संकोच कसला?

ढोल-ताशे आणि ध्वनिवर्धक यांच्यापासून दूर राहावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी आवाज कमी करून ठेवावा. मधुमेही व्यक्तीला हात थरथरणे, दरदरून घाम, घाबरल्यासारखे होणे ही लक्षणे जाणवली तर साखर उतरली असे समजून तीन ते चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि मग काही खायला द्यावे.

सोबतच्या माणसाने एक लक्षण पाठ करून ठेवावे : उन्हात ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, चालताना भेलकांडू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या पंचाने अंग पुसत वारा घालावा, काखेत व मानेवर थंड कपडा ठेवावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये.

मनाची पूर्वतयारी

गुडघ्यांचे उत्तर येथे संपते. पण आजींचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मध्येच आलेल्या एका ओळीवर मी थांबलो. ‘हे औषधाने बरे होत असेल तर तसेही सांगावे,’ असे त्यांनी लिहिले आहे. हा प्रश्न विचारण्याची लाज त्यांनी बाळगू नये. प्रेमानेच विचारला आहे. उत्तर मात्र निःसंदिग्ध द्यायला हवे.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हेच स्पष्ट केले. ती ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. म्हणून कोणी डॉक्टर, वैद्य, बाबा वा देवऋषी ‘यावर इलाज आहे’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याच्या दारात पाऊल ठेवू नये. अशा उपचारांनी मुले खचतात आणि घराला पारखी होतात.

‘लग्न लावून दिले की होईल सरळ’ हा सल्ला तर गावोगाव मिळतो. तो ऐकणाऱ्या घरात एका मुलाबरोबर एका निरपराध मुलीचेही आयुष्य पणाला लागते. तिच्या आईवडिलांच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते, एवढे मनाशी विचारावे.

कायद्याची भीतीही अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी निकाल दिला की, प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. समलिंगी विवाहाला मात्र कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने तो विषय संसदेकडे सोपवला. म्हणजे नातवाचे असणे कायद्याच्या विरोधात नाही आणि परवानगीने निघालेल्या शांततामय यात्रेत चालणेही नाही.

तेथे गेल्यावर काही वेषभूषा, काही घोषणा आपल्या डोळ्यांना नवख्या वाटतील. पाहावे, आवडले नाही तर नजर फिरवावी, पण शेरा मारू नये. कोणाला काय संबोधावे कळत नसेल तर ‘बाळा, तुला काय म्हणू?’ असे सरळ विचारावे. ‘तुमच्यात नवरा कोण नि बायको कोण’ हा प्रश्न टाळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे काढलेले कोणाचेही छायाचित्र विचारल्याविना काढू नये आणि गावाकडच्या व्हॉट्सअॅप गटावर तर टाकूच नये. यात्रेतील कित्येकांनी घरी काही सांगितलेले नसते. एका छायाचित्राने कोणाची नोकरी, कोणाचे छप्पर जाऊ शकते.

नातवाचे गुपितही त्याचेच आहे. भावकीत कोणाला, किती सांगायचे हे निघण्यापूर्वी त्याला विचारून ठरवावे. ‘पुण्याला कशाला चाललात?’ असे कोणी विचारील. ‘नातवाने बोलावले आहे’ हे उत्तर पूर्ण खरे आहे आणि पुरेसेही आहे.

जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी

आजींनी आणखी एक लिहिले आहे. आजोबा दिवाळीपासून नातवाशी फोनवर बोललेले नाहीत. अशा घरांत आजोबांना ओढून नेऊ नये. ऐकलेली गोष्ट पचायला वेळ लागतो. मात्र मौनाची किंमत पलीकडच्या मुलाला मोजावी लागते, हेही त्यांना सांगावे. ‘जेवलास का?’ एवढे जरी आजोबांनी फोनवर विचारले, तरी पुष्कळ झाले. तेवढ्यासाठी कोणाला मत बदलावे लागत नाही.

ज्यांची प्रकृती साथ देत नाही, त्यांनी घरूनच पाठवण करावी. आदल्या रात्री फोन करावा. टोपी घाल, पाणी पी, उपाशी निघू नकोस, असे सांगावे. यात्रेहून परतल्यावर ‘कसे झाले?’ असे विचारावे. नातवंडांना याची फार असोशी असते.

आता दोन शब्द नातवंडांशी. आपण आजीला बोलावले आहे, तर त्या दिवशी तिची जबाबदारीही आपली. तिला मित्रांच्या घोळक्यात सोडून पुढे निघून जाऊ नका. तिची गोळी, तिचे जेवण, तिचे बसणे हे आपल्या घोषणांइतकेच महत्त्वाचे आहे. ती थकली म्हणाली तर ‘अजून थोडेच’ म्हणू नका.

आणि एक परिच्छेद अशा वाचकांसाठी, ज्यांनी मला कधी पत्र लिहिले नाही आणि बहुधा लिहिणारही नाहीत. वयाची साठी-सत्तरी ओलांडलेले असे काही जण हे पान वाचत असतील, ज्यांनी हीच गोष्ट आयुष्यभर कोणालाही न सांगता जपली. लग्न केले, मुले वाढवली, कर्तव्यात कसूर केली नाही, पण आतले दार कधी उघडले नाही. आपल्या तरुणपणी कायदा आणि वैद्यकशास्त्र दोन्ही प्रतिकूल होते, दोष आपला नव्हता. आता कोणाला सांगायचे की नाही, हा निर्णय पूर्णतः आपला आहे. मनावरचे ओझे असह्य होत असेल, झोप वा भूक हरपली असेल, तर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

आजी, आता आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर. आपल्या गुडघ्यांना तीन किलोमीटर झेपतील, असे मी न तपासता म्हणणार नाही. पंधरा मिनिटे मात्र बहुतेक झेपतील आणि उरलेला वेळ झाडाखाली बसता येईल. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. त्यांनी होकार दिला की दुसऱ्या दिवसापासून सकाळी 10 मिनिटे चालायला लागा. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होईल, तोवर तुम्हाला स्वतःच्या पायांचा अंदाज आलेला असेल. आणि आज सायंकाळी नातवाला फोन करून सांगा, की तारीख पक्की झाली की तिकीट काढ, बर्थ मात्र खालचाच बघ.